आगाऊ नोटीस

देवाने माणसाला डोळे दिले तेव्हा त्यांना पापण्या दिल्या. तोंड दिले तेव्हा ओठ दिले. त्यांचा मिटण्यासाठी उपयोग फारसे कोणी करत नाही, हा भाग वेगळा. नाकालासुद्धा वेळप्रसंगी दोन बोटांची चिमटी पुरते. कान मात्र त्याने उघडेच ठेवले. रात्री झोपताना आपण दाराला कडी घालतो, गॅस बंद करतो, गाडीला कुलूप आहे की नाही ते दोनदा बघून येतो आणि कान तसेच उघडे टाकून झोपी जातो. आमच्या शाखेत स्ट्राँगरूमच्या बाबतीत असा कारभार झाला असता तर ऑडिटवाल्यांनी लाल शाईने पानभर शेरा मारला असता.

हा शेरा देवाच्या वहीत आमच्या धाकटीने मारला आहे. वय वर्षे आठ. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आधी ती स्वयंपाकघरातून गॅलरीत गेलेली असते. वाढदिवसाला कोणाकडे गेली तर केक खाताना तिची एक नजर केकवर आणि दुसरी फुग्यांवर असते. घरात साप निघाल्यावर माणूस जसा जेवेल, तशी ती जेवते. आणि दिवाळी! दिवाळीचे चार दिवस ती दिवाणाखाली काढायची. फराळाची ताटली आम्ही दिवाणाखाली सरकवायची आणि थोड्या वेळाने ओढून घ्यायची. चकल्या संपलेल्या दिसल्या की पोरगी ठीक आहे, असा अंदाज. दिवाळीला किती दिवस उरले हे सगळीच पोरे विचारतात. ही गणपतीपासून विचारायची, पण विचारताना तिचा चेहरा मुदत संपत आलेल्या कर्जदारासारखा असायचा.

डॉक्टरांना दाखवले. त्यांनी कानांची तपासणी करून सांगितले, "कान उत्तम आहेत." हे ऐकून आमच्या हिला आनंद व्हावा की नाही तेच कळेना. डॉक्टर म्हणाले, बिघाड कानात नाही. आत मेंदूत जो पहारेकरी बसलाय तो जरा जास्तच दक्ष आहे. हे मला लगेच पटले. आमच्या शाखेत पूर्वी असाच एक गार्ड होता. पेन्शन न्यायला आलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीबाई दारात दिसल्या तरी त्याचा हात बंदुकीकडे जायचा. काही मुलांना साधा आवाजही असह्य होतो, त्याला हायपरॅक्युसिस म्हणतात. स्वमग्न मुलांत असा त्रास जास्त दिसतो. पण स्वमग्न नसलेल्या मुलांतही असतो. पोर नाटक करत नाही, भित्रटही नाही. तिच्या गार्डला खरोखरच दरोडा पडलेला दिसत असतो.

हे डॉक्टरांना कळते, नातेवाइकांना कळत नाही. धाकटीच्या मामांचे मत असे, की पोरीला बाहेर काढा, तिच्या हाताने सुतळी बॉम्ब लावा, एका दिवाळीत धीट होते की नाही बघा. हे मामा पैठणला गेले की गोदावरीत घोट्याच्या वर उतरत नाहीत. मी म्हटले, "मामा, आधी तुम्हाला नाथसागरात ढकलू. एका बुडीत पोहायला येतं की नाही बघू." तेव्हापासून ते मला बँकेचा माणूस म्हणून ओळखतात, मेव्हणा म्हणून नाही. शिवाय धीटपणाचे म्हणाल, तर २९ ऑक्टोबर २०१६ ला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा अख्खा फटाका बाजार पेटला होता. तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते. दीड-दोनशे दुकाने आणि त्यांतला सगळा माल एकदमच वाजायला लागला. त्या दिवशी तिथून पळालेल्यांना भित्रे म्हणायची कोणाची छाती झाली नाही. धाकटीचे तेच म्हणणे आहे. फक्त तिला तो बाजार दर दिवाळीला पेटलेला ऐकू येतो.

मग मी कायद्याकडे वळलो. कायदा आपल्या बाजूला आहे. नुसता बाजूला नाही, चार पावले पुढेच आहे. १९९९ चा नियम असा, की फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायचाही नाही आणि विकायचाही नाही. आता साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे. म्हणजे १२५ हे दुपटीहून थोडे जास्त, असे कोणाला वाटेल. पण हे सरळव्याज नाही, चक्रवाढ आहे. दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. ६० चे १२० झाले की ती दहा लाख पट! इतका परतावा कोणत्याही मुदतठेवीत नाही. लडीचे गणित तर आणखी निराळे. लडीत जितके फटाके असतील त्या आकड्याचा लॉगॅरिथम काढायचा, त्याला पाचाने गुणायचे आणि येईल तो आकडा १२५ मधून वजा करायचा. हजाराच्या लडीला ११० येतात. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, आकडेमोडीला भीत नाही; पण लक्ष्मीपूजनानंतर एका हातात पेटती उदबत्ती आणि दुसऱ्या हातात लॉग टेबल घेऊन अंगणात बसलेला गृहस्थ अजून माझ्या पाहण्यात नाही. २००५ साली सुप्रीम कोर्टाने रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके बंद केले. २०१८ च्या ऑक्टोबरात दिवाळीला आठ ते दहा एवढीच वेळ ठेवली आणि लडी बंदच केल्या. लॉग टेबलाची अडचण कोर्टालाही जाणवली असावी. मग हिरवे फटाके आले. आपल्या नागपूरच्या 'नीरी'ने ते काढले. त्यांचा धूर कमी असतो. पण ते हिरवे नसतात आणि मुके तर मुळीच नसतात.

हे सगळे धाकटीला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण बाबा, कधी वाजणार?"

किती मोठा वाजणार, असे तिने विचारले नाही. कधी, असे विचारले. सगळी गोम तिथे होती. कुकरची शिट्टी तिने स्वतः मोजली तर ती जागची हलत नसे. न मोजता झाली की पळे. आवाज येतो याचा तिला राग नव्हता, तो न सांगता येतो याचा राग होता. खरे तर हे आमच्या शहराला समजायला हवे. नळाला दिवसांआड पाणी घेतलेली माणसे आपण. न सांगता आलेले पाणी आणि सांगून आलेले पाणी यांतला फरक आपल्याइतका कोणाला ठाऊक आहे?

एका दसऱ्याला आम्ही तिला रावणदहनाच्या मैदानावर नेले नाही. मैदानापासून किलोमीटरभर लांब असलेल्या साडूंच्या गच्चीवर नेले. पत्रिकेत वेळ सातची होती. रावण सातला तयार होता, पाहुणे आठपर्यंत आले नाहीत. एरवी धाकटीने ताटकळत जीव मुठीत धरला असता. गच्चीवरून तिला लांबचा रावण अंगठ्याएवढा दिसत होता, म्हणून निभावले. मग एकदम उजेड झाला. आकाशात लाल-हिरवी फुले उमलली आणि आवाज आलाच नाही. धाकटीने माझ्याकडे बघितले. मी मोठ्याने मोजत होतो, "एक... दोन... तीन..." आणि धड्डाम्! आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. उजेड मात्र ताबडतोब हजर. लांबचा प्रत्येक बाण फुटण्याआधी तीन सेकंदांची नोटीस देतो, हा शोध तिला लागला आणि दहा मिनिटांत मोजणी तिने माझ्याकडून काढून घेतली. शेवटच्या दहा बाणांना तर ती हाताने बारच्या आज्ञा देत होती. रावणाचे काय झाले ते आमच्यापैकी कोणीच पाहिले नाही.

पण घरासमोरचा सुतळी बॉम्ब तीन सेकंद देत नाही. त्यासाठी वाळूजच्या कारखान्यांतले कामगार कानांवर घालतात तशा दोन वाट्या आणल्या. हेल्मेट, गमबूट, हातमोजे विकणाऱ्या दुकानदाराने विचारले, "कोणती कंपनी?" मी म्हटले, "तिसरी इयत्ता." लहान मापाच्या त्याने मागवून दिल्या. त्या वीस-पंचवीस डेसिबल गिळतात. थेरपीवाल्या बाईंनी मात्र बजावले, की त्या फक्त गरजेपुरत्या घालायच्या. दिवसभर घातल्या तर गार्ड आणखीच चेकाळतो आणि मग चमचा पडलेलाही सहन होत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि तो वाढवायचे बटण पोरीच्याच हातात द्यायचे. आम्ही बोट लावायचे नाही. महिनाभरात ती मुंगीच्या पावलाने पाच रेघा चढली. मामा म्हणाले, "एवढ्यात तर माणूस मोटार शिकतो."

उरले समोरचे भाऊ. भाऊ बांधकामाचे कंत्राटदार. दिवाळीला फटाके पोत्याने आणतात. २०२५ च्या दिवाळीआधी, मनातल्या मनात तीन वेळा वाक्य जुळवून, मी त्यांच्याकडे गेलो.

"भाऊ, एक विनंती होती."

"बंद करा म्हनता का साहेब?" भाऊंचा चेहरा पडला. "वर्साचा सण हाय."

"बंद नको. फक्त वेळ सांगा."

"कशाची?"

"कधी लावणार त्याची."

भाऊ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण मला तरी कुठं माहीत असतंय?"

तेव्हा धाकटीने वही पुढे केली. चार रकाने: वेळ, काय, किती, शेरा. भाऊंनी आयुष्यात मोजमापाच्या पुष्कळ वह्या भरल्या असतील, पण इतक्या घाबरत एकही नसेल. साडेआठ ते नऊ त्यांचे सुतळी बॉम्ब, मग भुईनळे, सव्वानऊला बाण. खाली सही घेतली.

२१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले. धाकटी कानांवर वाट्या घालून खिडकीत उभी राहिली, हातात आमच्या हिची हिरवी ओढणी. ओढणी हलल्याशिवाय वात पेटवायची नाही, असे भाऊंच्या पोरांनी आपणहून ठरवले. त्यांना त्यातच जास्त मजा यायला लागली. गल्लीतली इतर पोरेही आपापला माल घेऊन रांगेत आली. ती आमच्या काउंटरलाही इतक्या शिस्तीने कधी उभी राहायची नाहीत. सुतळी बॉम्बला तिचे खांदे कानांपर्यंत जायचे ते गेलेच. नऊनंतर ती आतल्या खोलीत पंखा आणि रेडिओ लावून बसली; तेही वहीत लिहिलेले होते. पण भुईनळ्यांना परत आली, स्वतः दोन फुलबाज्या लावल्या आणि चकली खुर्चीवर बसून खाल्ली. आमच्या हिने दिवाणाखालची ताटली उचलली आणि काही न बोलता मोरीत नेऊन घासली. जरा जास्तच वेळ घासली.

दिवाळीला वेळापत्रक असते. वरातींना नसते, निवडणुकीच्या निकालांना नसते आणि क्रिकेटला तर नाहीच. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींचा विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसाने उशिरा सुरू झाला. धाकटीची मोठी पंचाईत! जिंकावे तर फटाके, फटाके नकोत तर हरावे. रात्री अकरापर्यंत ती उशी पोटाशी धरून बसली होती. मग आफ्रिकेची एकेक बाई बाद होऊ लागली, तसे तिने बोटांवर काही मोजले. नववी विकेट पडली तशी ती उठली, कपाटातून वाट्या काढल्या, कानांवर चढवल्या आणि परत येऊन बसली. बाराच्या सुमारास हरमनप्रीतने झेल घेतला. ५२ धावांनी जिंकलो. लांब कुठेतरी पहिली आतषबाजी झाली, आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. कायद्याने फटाके दहाला बंद झालेले, त्यामुळे भाऊ कुजबुजत होते.

"साहेब, जागेच हायेत ना? पोरीला सांगा, दोन मिन्टात लावतोय. पाचच."

मी निरोप सांगितला. धाकटीने एका कानावरची वाटी उचलली.

"पाच म्हणाले ना? मी मोजतेय म्हणावं."

सहा वाजले. सहाव्याची नोंद शेऱ्याच्या रकान्यात आहे.