पाबळ : कोरडवाहू माळावरची प्रयोगशाळा

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेजारी तालुके. दोहोंच्या मधून भीमा वाहते. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालेला प्रवासी पारगावजवळ ही नदी ओलांडतो आणि दौंड तालुक्यात येतो. तेथे खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी, उसाचे मळे आणि गुळाची गुऱ्हाळे त्याचे स्वागत करतात. शिरूरकडेही भीमा आणि घोड या नद्यांच्या काठची गावे बागायती झाली आहेत. तालुक्याच्या वायव्य कोपऱ्यातील पाबळच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश, मुरमाड माळ आणि पावसाच्या भरवशावर घेतलेली बाजरी-ज्वारी, हेच या गावाचे जुने रूप.

पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या या गावाला बाहेरचे लोक येतात ते बहुधा दोन कारणांनी. पहिले कारण इतिहासाचे. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीला इनाम दिलेल्या गावांपैकी पाबळ हे एक. १७४० साली रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीनेही पाबळ येथे देह ठेवला. तिची साधी कबर आजही गावात आहे. कोणी तिला मजार म्हणतात, कोणी समाधी. दुसरे कारण श्रद्धेचे. येथील पद्ममणी जैन तीर्थ महाराष्ट्रातील श्रावक-श्राविकांना सुपरिचित आहे. पद्मप्रभूंचे दर्शन घ्यावे, धर्मशाळेत विसावा घ्यावा आणि परतीच्या वाटेस लागावे, असा यात्रेकरूंचा शिरस्ता.

मात्र पाबळला येऊन जिने मुक्कामच केला अशी एक व्यक्ती होती. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून डॉक्टरेट मिळवून आलेले, मुंबईतील एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. पन्नाशी ओलांडल्यावर शहरातील स्वस्थ जीवन सोडून त्यांनी पत्नीसह १९८३ साली पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. गाव कोरडवाहू होते, सामान्य होते, आणि म्हणूनच त्यांनी ते निवडले. जे येथे साधेल ते महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात साधता येईल, हा त्यामागचा विचार.

खेड्याच्या सोयींचा हिशेब आपण सहसा मोजणीने करतो. रस्ता आला का, वीज आली का, शाळा कितवीपर्यंत, दवाखाना किती दूर? हा हिशेब आवश्यकच आहे. परंतु हातपंप बसवला आणि महिन्याभरात त्याचा वॉशर झिजला, तर तालुक्याहून कारागीर येईपर्यंत ती सोय असून नसल्यासारखी. कलबागांनी नेमके येथेच बोट ठेवले. सोय बाहेरून येऊ शकते. तिची निगा राखणारे हात मात्र गावातच घडावे लागतात.

हे हात घडवण्यासाठी आश्रमाने शाळा सोडलेल्या मुलामुलींना बोलावले. एका वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात ते वेल्डिंग आणि सुतारकाम करतात, घराची वीजजोडणी शिकतात, माती तपासतात, कोंबड्या आणि रोपे सांभाळतात, रक्तातील हिमोग्लोबिन मोजतात. शिकण्याचे काम खोटे नसते. गावकऱ्याला खरोखर हवे असलेले फाटक मुले तयार करतात, आणि ते नीट बंद झाले नाही तर गावकरी सांगतोच. परीक्षा तिथेच होते. हीच पद्धत पुढे गावोगावच्या माध्यमिक शाळांत पोहोचली आणि राज्याच्या शालान्त मंडळाने तिला विषय म्हणून मान्यता दिली.

या माळावर त्रिकोण जोडून उभारलेले घुमटाकार घर ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखले गेले. कमी साहित्यात, मधल्या खांबांवाचून ते उभे राहते. जुन्या जीपचे भाग वापरून लहान शेतकऱ्यासाठी छोटा ट्रॅक्टर बनवला गेला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ २००२ साली सुरू झाली ती येथेच. पुढच्याच वर्षी कलबाग निवर्तले. काम थांबले नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र यामुळे सुटला असे नाही. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी टँकरची वाट आजही पाहावी लागते. रांजणगाव आणि चाकणच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता तरुणांना सकाळी घेऊन जातो. काहींना तो परत आणत नाही. एक संस्था साऱ्या गावाचे भाग्य पालटू शकत नाही. पण ‘नापास’ असा शिक्का घेऊन घरी बसलेल्या मुलाला येथे एक वर्षात हातचे काम मिळते, आणि मग गावी राहायचे की शहरात जायचे हे त्याचे त्याला ठरवता येते. नाइलाजाने गाव सोडणे आणि विचाराने सोडणे यांत फार अंतर आहे.

तीर्थदर्शनासाठी पाबळला जाणाऱ्या कुटुंबांनी परतीच्या वाटेवर एखादा तास या आश्रमासाठीही राखावा, आणि बरोबर मुलांना अवश्य न्यावे. घरातील बिघडलेला पंखा फेकून देण्यापूर्वी उघडून पाहण्याची इच्छा त्यांच्यापैकी एकाला जरी झाली, तरी तो तास सार्थकी लागेल.