चौकटीचे चौदा पाय

बडोद्याच्या त्या घरात जुन्या मोझेकवरच नवी फरशी बसवायचं ठरलं, तेव्हा दारांचा विचार कुणीच केला नव्हता. घर 1978 सालचं. जुनी फरशी उखडायची म्हणजे घरभर धुरळा, मलबा उचलायचा वेगळा खर्च आणि गवंड्याचे आठ दिवस जास्त. त्यापेक्षा फरशीवर फरशी बरी, असा सल्ला हल्ली सगळेच देतात आणि तो काही वाईट नाही. फक्त नवी फरशी आणि तिच्याखालचा चिकटा मिळून जमीन अर्धा इंच वर येते, हे आधी कुणी सांगत नाही.

दारांचं एक ठीक आहे. बिजागरीतून काढायची, खालून तासायची, पुन्हा चढवायची. पण चौकट कुठे काढणार? ती भिंतीत रुतलेली. मग गवंडी काय करतो, तर फरशीलाच चौकटीच्या आकाराची खाच पाडतो आणि राहिलेल्या फटीत पांढरा सिमेंट भरतो. वर्षभरात तो सिमेंट काळा पडतो आणि पोछ्याचं पाणी थेट लाकडाच्या मुळाशी जायला वाट मिळते. नीट काम करायचं तर चौकटीचा पाय खालून अर्धा इंच कापून फरशी त्याच्याखाली सरकवायची. (चौकट भिंतीत लोखंडी पट्ट्यांनी धरलेली असेल तरच हे करावं. नुसती जमिनीवर टेकलेली असेल तर हात लावू नये.) त्या घरात सात दारं म्हणजे चौदा पाय. शिवाय जुन्या पद्धतीप्रमाणे पाय फरशीच्याही खाली उतरलेले. म्हणजे प्रत्येक पायाला दोन काप, एक अर्धा इंच वर आणि एक जुन्या फरशीला अगदी चिकटून. एकूण अठ्ठावीस काप, आणि तेही जुन्या सागवानात.

मिस्त्रीने पहिल्या दारापाशी पालथं पडून करवत चालवून पाहिली. वरचा काप कसाबसा झाला. खालच्या कापाला मूठ जमिनीला अडते, करवत आडवी होतच नाही. ग्राइंडर लावला, तर लाकूड जळलं, धूर झाला आणि भिंतीच्या कोपऱ्यात गोल पातं पोहोचेना. शेवटी पटाशीने टोकरत बसावं लागलं. एका पायाला पाऊण तास गेला. मिस्त्री उठून बसला, बोटं झटकली आणि म्हणाला, “काका, याला मल्टीटूलच पाहिजे.”

घरातले काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेतून. काकांना हत्यारांची पहिल्यापासून हौस. दोघं त्याच संध्याकाळी हत्यारांच्या दुकानात गेले.

आता हे मल्टीटूल म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. हातात मावेल अशी जाड काठी आणि तिच्या टोकाला आडवं, चपटं पातं. हे पातं गोल फिरत नाही. ते डावीकडे-उजवीकडे थरथरतं, तेही इतकं थोडं की डोळ्याला दिसत नाही. सगळा झोका तीन-चार अंशांचा, पण मिनिटाला वीस हजारांपर्यंत झोके. त्यामुळे पात्याची फक्त पुढची कड कापते. ती सरळ लाकडाच्या पोटात घुसवता येते, जमिनीला टेकवून चालवता येते, कोपऱ्यात शेवटपर्यंत नेता येते.

या यंत्राचं कूळ मोठं गमतीचं आहे. हाड मोडल्यावर घातलेलं प्लास्टर कापायला इस्पितळात जे यंत्र वापरतात, त्याच घराण्यातलं हे. तिथेही पातं थरथरतंच. प्लास्टर कडक म्हणून कापलं जातं, आणि कातडी मऊ म्हणून पात्याबरोबर हलते आणि बचावते. जर्मनीतल्या फाइन या कंपनीने 1967 साली असं प्लास्टर कापायचं यंत्र काढलं. विजेवर चालणारं पहिलं हातातलं ड्रिल 1895 साली बनवलं तेही याच कंपनीने. पुढे प्लास्टरच्या यंत्राचाच अवतार सुतारांच्या हाती आला. बरीच वर्षं या क्षेत्रात फाइनचं जवळजवळ एकछत्री राज्य होतं. 2008-09 च्या सुमारास पेटंटची मुदत संपली आणि मग लहानमोठ्या सगळ्याच कंपन्यांनी आपापली यंत्रं बाजारात आणली. दुकानात एकाच फळीवर एक डबा अमुक भावाचा आणि शेजारचा त्याच्या चौपट भावाचा दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

पण प्लास्टरची गोष्ट ऐकून कुणी गैरसमज करून घेऊ नये. सुताराच्या पात्याचे दात धारदार असतात आणि ते बोट कापतात. दुकानातला पोरगा तळहातावर पातं टेकवून दाखवायला निघाला, तेव्हा काकूंनीच त्याला दटावलं.

काऊंटरवर दोन डबे आले. स्वस्तातला काका उचलून घ्यायला निघाले होते, कारण त्याच्यावर वॅटचा आकडा मोठा छापलेला होता. वॅट म्हणजे यंत्र वीज किती ओढतं तो आकडा. त्यातली कामाला किती लागते आणि नुसती उष्णता होऊन किती जाते, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. विचारायला हवं ते झोक्याचं. काही यंत्रांत झोका तीन अंशांहूनही कमी असतो, काहींत चारपर्यंत जातो. आकड्यात फरक दिसतो एवढासा, पण कठीण लाकडात तोच कामाला येतो. लहान झोक्यात भुसा बाहेर पडत नाही, पातं स्वतःच्याच भुशात घासत राहतं आणि तापतं.

दुसरा फरक हातात घेतल्यावर कळला. दुकानदाराने दोन्ही यंत्रं आळीपाळीने चालू करून दिली. महागातलं गुणगुणलं. स्वस्तातल्याने अख्खा हात कोपरापर्यंत थरथरवला. काकांना मधुमेह, बोटांना आधीच मुंग्या येतात. अर्ध्या मिनिटात त्यांनी यंत्र खाली ठेवलं. चांगल्या यंत्रात मोटर आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये रबराची बैठक असते, कंपन तिथेच जिरतं. जादा पैशांचा मोठा वाटा तिथे जातो, आणि ही चैन नव्हे. वर्षानुवर्षं थरथरतं हत्यार धरणाऱ्याच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा कायमच्या बिघडतात. बोटं पांढरी पडतात, बधिर होतात, शर्टाची गुंडी लावता येत नाही. युरोपात 2002 च्या निर्देशाने याला आकडेच घालून दिले. आठ तासांच्या दिवसाला हाताला पोहोचणारं कंपन 2.5 मीटर प्रतिसेकंद वर्गाच्या वर गेलं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि 5 च्या वर जाऊच द्यायचं नाही. आपल्याकडे मिस्त्री बोटं झटकतो आणि पुन्हा कामाला लागतो.

काकूंनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. “हे किती दिवस लागणार आहे आपल्याला?”

मग काऊंटरवरच हिशेब झाला. अठ्ठावीस काप. स्वयंपाकघरात प्लायवूडच्या कपाटांना पाठीमागून प्लगसाठी तीन चौकोन. सिंकखाली भिंतीलगत एक प्लास्टिकचा नळ कापायचा, जिथे हॅकसॉ हलवायला जागा नाही. न्हाणीघरातल्या फरशांचे काळवंडलेले सांधे कोरून काढायचे. एवढंच. आपली घरं विटांची आणि सिमेंटची. अमेरिकेतल्यासारखी लाकडी सांगाड्यावर बोर्ड ठोकलेली असती तर हे यंत्र रोज लागलं असतं. आपल्या भिंतीला झिरी पाडायला मार्बल कटर, भोकाला हॅमर ड्रिल. मल्टीटूल ही आपल्याकडे तिसऱ्या नंबरची खरेदी. न्हाणीघर सोडलं तर सगळं मिळून चार-पाच दिवसांचं काम, तेही थांबत थांबत. तेवढ्यासाठी चौपट पैसे कशाला?

काकूंचं म्हणणं बरोबर होतं. फक्त वाचलेल्या पैशांतले थोडे पात्यांवर घालायला हवेत, हे दुकानदाराने सांगितलं आणि तोही खरंच बोलला. स्वस्त डब्यात मिळणारी पाती साध्या पोलादाची असतात. मऊ लाकडात ती चालतात. जुन्या चौकटीत एक खिळा लागला की दात सपाट. जुनं लाकूड म्हटलं की बायमेटल पातं घ्यावं, म्हणजे मागचा भाग लवचिक पोलादाचा आणि दातांची कड कठीण पोलादाची. कडक स्क्रू कापायचा तर कार्बाइडच्या दातांचं. सांध्यांसाठी दातच नसलेलं, कार्बाइडची खर लावलेलं. अशी पाती घेत गेलं की यंत्राइतकेच पैसे होतात. म्हणून हिशेब यंत्राचा वेगळा आणि पात्यांचा वेगळा न मांडता एकत्रच मांडावा.

आणखी एक गोष्ट आहे, पात्याच्या बैठकीची. 2016 साली फाइन आणि बॉश यांनी मिळून स्टारलॉक नावाची बैठक आणली. पातं दाबलं की खटकन बसतं, पाना लागत नाही, सुटतही नाही. पण तशा यंत्राला बाजारातली उघड्या टोकाची स्वस्त पाती चालत नाहीत. स्वस्तातल्या यंत्राला ती चालतात, मात्र पातं स्क्रूने आवळावं लागतं आणि तो स्क्रू कामात सैल होतो.

शेवटी घरी आलं ते स्वस्तातलं यंत्र आणि तीन चांगली बायमेटल पाती.

काम कसं झालं? फरशीचा एक तुकडा आणि चिकट्याच्या जाडीची एक पट्टी एकावर एक ठेवून त्यावर पातं आडवं टेकवायचं, म्हणजे काप आपोआप बरोबर उंचीवर येतो. दाबायचं नाही. नवखा माणूस नेमकं हेच करतो. दाबलं की झोका मरतो, लाकूड करपतं, दात जातात. हलक्या हाताने डावं-उजवं नेत भुशाला वाट द्यायची. मिस्त्री कापायचा, काका व्हॅक्यूमची नळी धरायचे. दहा-बारा मिनिटांत यंत्राचं तोंड इतकं तापायचं की ते बाजूला ठेवून चहा घ्यावा लागे. एका पायाला वीस मिनिटं. मागच्या दाराच्या डाव्या पायात तर पातं लोण्यात गेल्यासारखं गेलं. आतून वाळवीने पोकळ केला होता. तो पाय फूटभर कापून नवा तुकडा जोडावा लागला. नवी फरशी बसल्यावर ते कुणाला कळलं असतं?

न्हाणीघराचे सांधे मात्र या यंत्राने होईनात. सिमेंट कोरताना ते सतत चालवावं लागतं आणि तिथे ते तापून बंद पडू लागलं. दुसऱ्या दिवशी यंत्र मिस्त्रीच्या ओळखीच्या कारागिराकडून आलं, महागातलं, दिवसाच्या भाड्यावर. सांधे संध्याकाळपर्यंत झाले. नाकाला चांगला मास्क हवाच, कारण ती धूळ सिमेंट-वाळूची असते आणि फुप्फुसात बसते.

एक काम मात्र काकूंनी होऊच दिलं नाही. मल्टीटूलला तिकोनी पट्टी लावून पॉलिश पेपरही बसवता येतो. काकांनी दारांचा जुना रंग घासून काढायचं मनात घेतलं, एक दार उन्हात काढून सुरुवातही केली. खाली हिरवा, त्याखाली पिवळा, असे थर निघू लागले. काकूंनी येऊन बटणच बंद केलं. त्यांचं वाचन दांडगं. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत 90 भागांची मर्यादा घालणारे नियम 2016 साली निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, शिसं असण्याची शक्यता मोठी. यंत्राने घासलं की त्याची पिठासारखी पूड होते, जमिनीवर बसते आणि लहान मुलाच्या हातातून तोंडात जाते. मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित म्हणावी अशी मात्राच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवाळीला मुलगी बंगळुरूहून यायची होती, तिची छोकरी दोन वर्षांची. खाली पडलेला खडाही उचलून चाखायच्या वयाची.

“अहो, यंत्र कितीही भारी आणा, पूड तीच पडणार ना?” काकू म्हणाल्या.

रंग खरवडलाच नाही. घासलेलं दार ओल्या फडक्याने तीनदा पुसलं, फडकी पिशवीत बांधून टाकली, अंगणातला तो कोपरा पाण्याने ओला करून मातीचा वरचा थर काढला. बाकीची दारं जिथे रंग घट्ट होता तिथे तशीच ठेवून वरून नवा हात दिला. जिथे पापुद्रे सुटले होते तिथे पाणी मारून, ओलं ठेवून, हाताने खरवडलं. काकांना ते फिनिशिंग आवडलं नाही. दारावर जुन्या थरांचे उंचवटे उजेडात अजून दिसतात.

मिस्त्रीने दिवाळीनंतर स्वतःसाठी महागातलं यंत्र घेतलं, हप्त्याने. त्याला ते रोज लागतं आणि त्याच्या बोटांचं गणित काकांच्यापेक्षा वेगळं. काकूंनी उरलेलं एक कोरं बायमेटल पातं त्याला द्यायला काढून ठेवलं होतं. त्याने लावून पाहिलं, उलटं करून पाहिलं. त्याच्या यंत्राची बैठक वेगळी, ते बसलं नाही.