हेर्त्सोगेन, मग आउराख

आमच्या गावाचं नाव मराठीत लिहिताना 'न'ला 'आ' जोडून टाकायचा मोह होतो. पण ते 'हेर्त्सोगेनाउराख' नाही. आउराख ही इथली छोटी नदी. तिच्या काठचं एक गाव जोगिणींचं, फ्राउएनआउराख. एक साधूंचं, म्युन्शआउराख. आणि आमचं ड्यूकचं. जर्मन माणूस 'आउराख'च्या आधी घशात बारीकसा थांबतो आणि स्वर नव्याने उच्चारतो. आपण मात्र संधीत वाढलेली माणसं, सूर्य आणि उदय शेजारी दिसले की सूर्योदय करून मोकळे! गावकरी तर नुसतं 'हेर्त्सो' म्हणतात.

शब्दांची मोडतोड इथे जुनीच. आदी दासलरने १९४९ साली स्वतःच्या नावातून 'आदीदास' काढलं. वेगळ्या झालेल्या रुडोल्फने आधी 'रुडा' ठरवलं होतं, मग पूमा केलं.

माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेत शब्द टाळ्या वाजवून तोडतात, लिहिल्यावर खाली कमानी काढतात. मंडळातल्या काहींचा सल्ला होता, जर्मन पक्कं होईपर्यंत मराठी वाचन थांबवा, मूल गोंधळतं. मला ते पटलं नाही. पण एका रविवारी व्हिडिओ कॉलवर वाद झालाच.

"पुस्-तक. दोन!"

"अगं, पु, स्त, क. तीन अक्षरं," सांगलीहून आजी.

मुलगी हिरमुसली. मराठी चुकीचं आहे का, असं तिने मला हळूच विचारलं.

उत्तर आजीनेच दिलं. त्या निवृत्त मराठी शिक्षिका. म्हणाल्या, "अक्षर डोळ्यांचं, टाळी कानाची. आणि वृत्तात 'पु' ऱ्हस्व असूनही गुरू होतो, कारण पुढच्या जोडाक्षराचा भार त्याच्यावर येतो. म्हणजे तुझा 'पुस्' आमच्याकडेही आहेच."

मग मी 'पास्ता' काढला. इटालियन लोक पा-स्ता तोडतात, अगदी देवनागरीसारखं. जर्मनमध्ये पूर्वी 'एस' आणि 'टी'ची जोडी ओळीच्या शेवटी तोडायची नाही असा नियम होता (आपल्याला एसटी प्रिय, त्यांनाही!). १९९८ला लागू झालेल्या नव्या शुद्धलेखनाने तो काढला, आता पास-ता.

वाचन सुरूच आहे. या आठवड्यात फराळाची यादी मुलीने देवनागरीत लिहिली, खाली कमानी काढून. 'दिवाळी' तीन, त्यावर दोघींचं एकमत. 'चकली'वरून अजून भांडण चालू आहे.