जागच्या जागी

ज्याचे सारे आयुष्य मुलांकडून ‘देव’ शब्द चालवून घेण्यात गेले, त्याने सुताराच्या हत्यारांविषयी लिहावयास बसावे, हे पाहून काही वाचकांस हसू येईल. पण ही दोन कामे आम्ही समजतो तितकी एकमेकांपासून दूर नाहीत. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात माणसांच्या नाना वृत्तींविषयी एक मौजेचे सूक्त आहे. वैद्य जसा रोगी शोधतो तसा सुतार मोडतोड शोधत असतो, असे तेथे ऋषी म्हणतो. तो सुतार आमच्या नाशिकच्या वाड्यात राहता तर त्याला उपास कधीच पडला नसता. पावसाळ्यात खिडक्या फुगून बसत, उन्हाळ्यात दारे आकसून कुरकुरत, आणि बारा महिने कोणाचा पाट, कोणाचा चौरंग, कोणाचा पाळणा दुरुस्तीची वाट पाहत पडवीत पडलेला असे. दर वेळी मिस्त्रीला बोलावणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकेक हत्यार जमवीत स्वतःच ती विद्या हस्तगत केली. त्यांच्यामागे हत्यारांची सागवानी पेटी आम्हां दोघां भावांकडे आली.

त्या पेटीत काय नव्हते? दोन रंधे, सात पटाश्या, वाकस, दोन करवती, गिरमिट, कानशी, अंबूर, मोगरी, गुण्या. आणि तळाशी तीन पिढ्यांचे वाकडे खिळे. नव्हती ती फक्त व्यवस्था. एक पटाशी हवी असली की समुद्रमंथन करावे लागे, आणि हलाहल आधी निघावे तसे कानशीचे टोक आधी बोटात शिरे. पटाशीची धार हातोडीवर आपटे, करवतीचे दात रंध्यावर घासत. त्यातून एकत्र कुटुंब! पेटी पडवीत उघडी, म्हणजे ती सर्वांचीच. आमच्या सौभाग्यवतींनी पाऊण इंची पटाशीने तेलाचा डबा उघडला. मोगरी एकदा सुंठ कुटण्याच्या कामी लागली ती महिनाभर स्वयंपाकघरातच राहिली. मी रागावे, चार दिवस पेटीला कुलूप लावी, आणि पाचव्या दिवशी किल्लीच हरवून बसे.

माझा धाकटा भाऊ नाना बँकेत कारकून होता. संस्कृताशी त्याचा संबंध परीक्षेपुरताच. पण हात मात्र अण्णांचा. मी फळी कापली तर ती दुसऱ्या फळीशी वाद घाली. त्याने कापली तर सांधा शोधावा लागे.

२००८ सालच्या सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून आम्ही नाशिककर पुराचे माप घेतो. त्या दिवशी ते माप केव्हाच ओलांडले गेले आणि पाणी सराफ बाजारापर्यंत चढले. आमचा वाडा नदीकडच्या उतारावर. धान्य, अंथरुणे, देव आणि माझी पुस्तके माडीवर नेण्याची एकच धांदल उडाली. तेवढ्यात नानाने जिन्याखालून हाक दिली, “दादा, पेटी वर घेऊ का?” माझ्या हातात सिद्धान्तकौमुदीचे भाग होते. मी म्हणालो, “लोखंड आहे ते, वाहून जाणार नाही. आधी पुस्तके घे.” वडील भावाचा शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती. त्याने पुस्तके घेतली.

लोखंड वाहून गेले नाही, हे खरेच. दोन दिवस ते गाळाच्या पाण्यात पेटीतच बसून राहिले. पुढे घर धुण्यात, भिंती वाळविण्यात आणखी आठवडा गेला. पेटी उघडली तेव्हा आत नारिंगी चिखल होता. घाबरून मी अण्णांचा मोठा रंधा तसाच उन्हात ठेवला, ही दुसरी चूक. ओले लाकूड उन्हात ठेवले की वरचा थर आधी आकसतो आणि आतला फुगलेलाच राहतो. त्या ओढाताणीत लाकूड तडकते. ज्या रंध्यावर अण्णांच्या तळहाताचा खोलगट ठसा उमटला होता, तो दुपारपर्यंत उभा चिरला.

पुढच्याच महिन्यात खंडेनवमी आली. दरवर्षी आम्ही पाटावर हत्यारे मांडून त्यांना गंध-फूल वाहतो. त्या वर्षी पाटावर काय मांडावे हा प्रश्न होता. नानाने एक शब्दही न बोलता गंजलेल्या पटाश्या ओळीने मांडल्या आणि हळदकुंकू वाहिले. “पेटी वर घेऊ का” हे शब्द त्याने पुन्हा कधी उच्चारले नाहीत. ते मात्र मला आजही ऐकू येतात.

दसऱ्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघे बसत असू. हत्यारे रॉकेलमध्ये भिजवायची, तारेच्या ब्रशाने घासायची, मग पॉलिशपेपर आणि शेवटी निसणा. तेव्हा कळले की गंज म्हणजे वरची धूळ नव्हे. तो पोलाद खात खात आत शिरतो व बारीक खड्डे पाडतो. पटाशीची सपाट पाठ आणि उतरता भाग जेथे मिळतात तीच धार. पाठीला खड्डा पडला की कितीही घासा, धारेला त्या जागी खाच राहणारच. सातांपैकी चार पटाश्या वाचल्या. वाकस वाचला.

“आता पेटी नको,” नाना म्हणाला. “भिंतीवर फळी करू, पुराच्या रेषेच्या वर.” फळी झाली. पण तीवर हत्यारे कोणत्या क्रमाने लावावीत? मी तत्काळ वर्गवारी केली: पटाश्या एका ओळीत, करवती एका ओळीत, मापाची साधने एका ओळीत. दिसावयास ते सुरेख दिसे. आठच दिवसांत नाना कुरकुरला, “दादा, आखायला इकडे, कापायला तिकडे, पुन्हा आखायला इकडे. सांधा करतो आहे की प्रदक्षिणा घालतो आहे?” त्याने सारे उतरविले आणि कामाच्या ओघाने लावले. एकत्र लागतात ती एकत्र: करवतीजवळ पेन्सिल व गुण्या, पटाशीजवळ मोगरी, निसणा आणि पुन्हा एक गुण्या.

“एकच वस्तू दोन ठिकाणी?” मी हरकत घेतली, आणि बोलता बोलताच थबकलो. आपली वर्णमाला उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आहे: कंठ्य एकत्र, तालव्य एकत्र. पण पाणिनीच्या व्याकरणाच्या आरंभी जी १४ माहेश्वर सूत्रे आहेत, त्यांत हा क्रम मोडला आहे. पाच वर्गांची ५ अनुनासिके तेथे आपापले वर्ग सोडून शेजारी येऊन बसतात, कारण नियमांत ती एकत्र लागतात. आणि ‘ह’ हा एकच वर्ण त्या यादीत दोनदा आला आहे, कारण त्याची गरज दोन ठिकाणी आहे. हे मी पोरांना पंचवीस वर्षे शिकविले होते. कागदावरचे ते शहाणपण माझ्या बँकेतल्या भावाने भिंतीवर करून दाखविले. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने बाजारातून दुसरा गुण्या आणला.

अनुभवाच्या चार गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो. फळी भिंतीला चिकटवू नये. मागे पट्ट्या ठोकून बोटभर अंतर ठेवावे, म्हणजे पावसाळ्यात मातीच्या भिंतीची ओल हत्यारांना लागत नाही. रंधा ठेवताना पात्याच्या बाजूस बारीक पट्टीचा आधार द्यावा, म्हणजे धार फळीला टेकत नाही. करवतीच्या दातांवर चिरलेल्या बांबूची कांब बसवावी. दातही वाचतात आणि बोटेही. घामात मीठ असते, म्हणून हाताळलेले पोलाद पुसून त्यावर यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकटते. कातडी म्यान दिसते छान, पण ते ओल धरून ठेवते. धारेची हत्यारे लहान मुलांच्या हाताच्या वर, मोगरी व हातोडी खाली.

आणि सर्वांत महत्त्वाचे: प्रत्येक हत्याराची आकृती फळीवर रंगाने आखावी. अमेरिकेत हेन्री स्टडली नावाचा पियानो करणारा कारागीर (१८३८–१९२५) होऊन गेला. त्याने भिंतीवरच्या एका कपाटवजा पेटीत सुमारे ३०० हत्यारे अशी बसविली की प्रत्येकाला नेमका त्याच्याच आकाराचा कोनाडा. आमच्याकडे तेवढी कला नाही; आमच्याकडे तांबड्या रंगाचा डबा होता. पण परिणाम तोच झाला. स्वयंपाकघरात गेलेली मोगरी आता फळीवरूनच ओरडून सांगू लागली की मी येथे नाही. मला कोणावर रागवावे लागेना. कुलपाने जे साधले नाही ते एका रेघेने साधले. व्यवस्था ठेवणाऱ्यासाठी नसते, ती पुढच्या घेणाऱ्यासाठी असते, हे मला फार उशिरा उमगले.

नानाला जाऊन आता चार वर्षे होतील. त्याच्या मुलाने आठवण म्हणून एकच वस्तू मागितली, तो वाकस. आणि तो पुण्यास घेऊन गेला. दिवाळीच्या आधी फळी पुन्हा रंगवावयास काढली तेव्हा घरच्यांनी सुचविले की वाकसाची रिकामी आकृती पुसून तेथे नवे काही लावावे. मी नको म्हटले. माझी नात अकरा वर्षांची आहे, तिने विचारले, “आजोबा, इथलं हत्यार हरवलं का?” मी तिला सांगितले की व्याकरणात न दिसण्याला लोप म्हणतात, नाहीसे होण्याला नव्हे. प्रत्यय लोपला तरी त्याचे कार्य होतच राहते. तिला किती कळले कोण जाणे. ती आकृतीवरून बोट फिरवीत राहिली.

दर खंडेनवमीला पुतण्या वाकस घेऊन येतो. पूजा झाली की दिवसभर तो आपल्या जागी टांगलेला असतो, आणि रेघेत अगदी बरोबर बसतो. रात्री पुतण्या परत निघतो तेव्हा नात फळीसमोर उभी राहून एकेक हत्यार मोजते. गेल्या वर्षी आभाळ भरून आले होते. मोजणी झाल्यावर ती मला म्हणाली, “आजोबा, पूर आला तर आधी काय वर न्यायचं?”

मी म्हणालो, “जो हाक मारील त्याचे आधी ऐकायचे.”