जरा बघतोस का?

सायकल दुरुस्त करता येते ही गोष्ट सोसायटीत कोणाला कळू देऊ नये. कॉम्प्युटरचं लपवता येत नाही, नोकरीच ती, त्यामुळे लोकांचे प्रिंटर आणि वायफाय आपल्या कपाळी लिहिलेलेच. पण सायकलचं तसं नव्हतं. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये चेन पुसत बसलं की येणारा-जाणारा थांबतो. पहिला प्रश्न, "काय, सायकल का?" (नाही हो, भरतकाम.) आणि दुसरा, "आमचीही जरा बघतोस का?"

या 'जरा'मध्ये सगळी गोम आहे. सायकल येते 'फक्त ब्रेक' म्हणून. ब्रेकचे रबर बदलायला जावं तर केबल गंजून कव्हरमध्ये चिकटलेली. ती निघाली की मालकाला आठवतं, अरे हो, पायडल मारताना चेन पण घसरते. मग मी पट्टी काढतो. नव्या चेनच्या 24 कड्या बरोब्बर 12 इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदलायची. पण एक अष्टमांश जास्त भरलं तर मागचं फ्रीव्हीलही गेलेलं असतं, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली की चढावर ती अजूनच उड्या मारते. हे समोरच्याला पटवून दाखवा! "अरे, आधी निदान चालत तरी होती." ऑफिसात याला लेगसी म्हणतात, पण तिथे निदान एस्टिमेट देता येतं.

काही लोक मदत म्हणून सामान स्वतःच आणतात. ते तर फारच वाईट. "26 चा टायर आणलाय, बसवून टाक." आता 26 इंची म्हणून विकले जाणारे टायर एकाच मापाचे नसतात. जुन्या साध्या सायकलच्या 26 × 1 3/8 टायरचा आतला व्यास 590 मिलिमीटर आणि जाड टायरच्या एमटीबीचा 559. दोन्हींवर ठसठशीत 26 लिहिलेलं. तीन सेंटिमीटरचा फरक असलेला टायर हातात घेऊन मी उभा, आणि काकूंना वाटतंय की याला काही येत नाही.

पैशांचं तर बोलायलाच नको. मजुरी घ्यायचा प्रश्नच नाही, पण सामानाचे पैसे मागतानाही जीभ अडखळते. त्यापेक्षा बेसनाचे लाडू परवडले. चौकातले सायकलवाले मामा, ज्यांच्याकडून मी आरे आणि छर्रे आणतो, ते एकदा म्हणाले, "साहेब, तुम्ही फुकट आऊट काढून देता, मग माझे पैसे लोकांना जास्त वाटतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पंक्चर आणि चाकाचा आऊट मी सरळ त्यांच्याकडे पाठवतो.

आणि एकदा हात लावला की सायकल कायमची तुमची. ब्रेक लावून दिल्यावर महिन्याभराने कॅरियर तुटलं तरी "तू बघितल्यापासून" हे ठरलेलं. शेवटचा कमिट कोणाचा, एवढंच बघतात.

असो. हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक मात्र येत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा आठवीत आहे. क्लासला सुतारदऱ्याच्या उतारावरून सायकलने जायचा. काका सायकल घेऊन आले, "गियर नीट पडत नाहीत, जरा बघतोस का?" सायकल उलटी केली तर पुढच्या नळीच्या खाली, हँडलपाशी, रंगाला सुरकुती पडलेली. बोट फिरवलं तर खाली पत्रा फुगलेला. पुढून जोरात धडक बसली की नळी तिथेच चिमटते. चिमटलेली नळी कधी तुटेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि तुटली की पुढचं चाक हँडलसकट वेगळं होतं. मी म्हटलं, "काका, फ्रेम गेलीय. मी गियर लावून देणार नाही. ही चालवूच देऊ नका."

"अरे, सायकल नवीन आहे. तुला गियर जमत नसतील तर तसं सांग."

गियर दहा मिनिटांचं काम होतं. तेवढं करून दिलं असतं तर काका खूश, संबंध गोड. पण माझ्या हातून नीट झालेली सायकल म्हणून ती त्या उतारावर गेली असती. काका रागाने सायकल घेऊन गेले, दुसरीकडून गियर लावून आणले, आणि सोमवारी मुलगा त्याच सायकलवर.

संध्याकाळी मी त्याला गेटपाशीच थांबवलं. मोबाईलचा टॉर्च लावून ती सुरकुती दाखवली, त्याचंच बोट धरून फुगवट्यावर फिरवलं. बापाच्या परस्पर मुलाला सांगणं बरं नव्हे, कळतं मला. तो म्हणाला, "दादा, मागच्या महिन्यात दुभाजकाला धडकलो होतो. घरी नाही सांगितलं."

त्या रात्री त्याने आईला सांगितलं. सायकल जिन्याखाली उभी आहे, गियर एकदम झकास पडतात. काका माझ्याशी बोलत नाहीत.