वाटूर : शंभर दाण्यांची कसोटी

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर फाटा लागतो. येथून परतूरची वाट वेगळी होते. परतूर तालुक्यातील हा परिसर काळ्या जमिनीचा, कापूस व सोयाबीन पिकविणारा आहे. प्रवासी येथे चहापुरता थांबतो. नव्या उद्योगाची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणाने मात्र मृग नक्षत्रापूर्वी येथे जरा अधिक रेंगाळावे.

त्या दिवसांत या पट्ट्यात घरच्या सोयाबीनची पारख चाललेली असते. पोत्यातील 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि काही दिवसांनी कोंब मोजतात. 70 किंवा अधिक उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य. थोडे कमी निघाले, तर एकरी प्रमाण वाढवायचे. फारच कमी निघाले, तर ते पोते पेरायचेच नाही.

बियाण्याचा गुण दुकानात नजरेने पारखता येत नाही. पैसे आज मोजावे लागतात, खरेखोटे मात्र पाऊस पडल्यावर कळते. तोवर दुबार पेरणीची पाळी आलेली असते. म्हणूनच 1966 च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या पिशवीवर किमान उगवणशक्ती व शुद्धता नमूद करणे बंधनकारक केले. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको स्थापन केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हा व्यापार मुळात पतीचा आहे.

व्यापारी घराण्यांतील नवी पिढी आता मोठ्या कंपन्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअर तयार करू पाहते. हा मालही बियाण्याच्याच जातीचा आहे. प्रात्यक्षिकात तो झळकतो, चूक मात्र हिशेब मिटवताना उघड होते. तेव्हा ग्राहकाच्याच दप्तरातील, उत्तरे आधीच ठाऊक असलेली 100 जुनी बिले किंवा करारपत्रे घ्यावीत आणि यंत्राचे कोंब त्याच्यासमोर मोजावेत. ही कागदपत्रे म्हणजे परक्याची ठेव आहे, ती त्याच्या संमतीविना अन्य कामी लावू नयेत. जेथे यंत्र चुकते, तेथे जाणत्या माणसाची तपासणी वाढवावी आणि तिचा खर्च किमतीत आधीच धरावा. काय जमते, काय जमत नाही, हे पिशवीवरील मजकुराप्रमाणे करारातच लिहावे.

प्रारंभी पीकही एकच घ्यावे. समीर बोडस व मोनिश दर्डा यांनी 2009 मध्ये सुरू केलेल्या आयसर्टिसने कंपन्यांच्या करारपत्रांचे व्यवस्थापन हेच आपले क्षेत्र ठरविले. पुण्यात तिचे मोठे विकासकेंद्र आहे. 2019 मध्ये तिचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेले.

सर्वांत कठीण धडा शेवटचा आहे. चाचणीत माल उतरला नाही, तर हाती आलेली मोठी ऑर्डरही नाकारावी लागते. पेरणीपूर्वी बाजूला ठेवले, तर नुकसान एका पोत्याचे होते. पेरल्यावर कळले, तर सारा हंगाम जातो.