माफ झालेला कर कोणाच्या पदरात?



2025 च्या दशलक्षण पर्वात, 3 सप्टेंबरला, जीएसटी परिषदेने घरखर्चाच्या बऱ्याच वस्तूंचा कर कमी केला. 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, वह्या, पेन्सिली आणि आपला खाकरा यांवरचा कर शून्य झाला. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल 18 वरून 5 टक्क्यांवर आले, तूप 12 वरून 5 वर. वर्तमानपत्र वाचून मी खूश झाले. पण आमच्या घरात त्यावरून दोन दिवस अबोला झाला.

पोहरादेवीत आमचे घरालाच लागून छोटे किराणा दुकान आहे. रामनवमीच्या यात्रेत बसायला वेळ नसतो, एरवी गिऱ्हाईक तांड्यावरचे आणि गावातले. माहेर कारंज्याचे. बी.कॉम. करताना मुंबई विक्रीकर कायदा, 1959 पाठ केला होता, म्हणून हिशेबाची वही लग्नापासून माझ्याकडे.

मुलगा म्हणाला, "आई, जुना माल जुन्याच भावाने विकायचा. आपण त्यावर कर भरून बसलोय." त्याचे चूक नव्हते. आमची जीएसटीत नोंदणी नाही. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, आम्हाला नाही. मूळ किंमत 100 धरली, तर साबण आम्हाला 118 ला पडलेला. नव्या हिशेबाने तो 105 चा. वही 112 ची, ती आता 100 ची. फरक सोसायचा कोणी?

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी तांड्यावरची एक बाई नातीला घेऊन आली. पावशेर सुटी तूरडाळ घेतली. सुट्या डाळीवर कर नाही. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर मात्र 5 टक्के आहे. म्हणून आम्ही पोतेच ठेवतो. डाळ निवडायला वेळ लागतो, पण जीवजंतू पाहून निवडायची आपल्याला सवयच आहे. मग तिने विचारले, "काकू, वही स्वस्त झाली म्हणतात, खरं का?"

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "हो, झाली." आणि नव्या भावाने दिली.

त्या रात्री तो बोलला नाही. आमचे हे एवढेच म्हणाले, "वजाबाकी तूच केलीस, आता तोटाही तूच लिही."

आपण रोज प्रतिक्रमणात अचौर्य अणुव्रताचे अतिचार आठवतो: मापात कमीजास्त करणे, भेसळ करणे, राज्याचा नियम मोडणे. जुना माल जुन्या भावाने विकणे यात बसते का? मला वाटते, नाही. कर आम्ही खरोखरच भरला होता. पण तिने सरळ विचारले होते, आणि "नाही झाली" म्हणणे खोटे ठरले असते.

मीठमिरचीवरचा कर श्रीमंताला कळतही नाही. जिची मिळकत पोटातच जाते, तिला तो आधी लागतो. म्हणून गरजेच्या वस्तू करमुक्त असाव्यात, हे मला मनापासून पटते. पण ती माफी शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत न्यायची, तर मधल्या लहान दुकानदाराच्या जुन्या मालाचा विचार आधीच व्हायला हवा. नाहीतर सरकारच्या सवलतीचा खर्च तोच उचलतो, किंवा गुपचूप खिशात घालतो.

तिसऱ्या दिवशी मुलगा आणि मी घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो. साबणाचा फरक त्याने दिला, वह्यांचा दिला नाही. बाकी 640 रुपये आमच्या अंगावर आले. ती रक्कम मी दानात लिहिली नाही, तोट्यात लिहिली. जे दान नाही त्याला दान म्हणणे हीसुद्धा हिशेबातली लबाडीच.

सख्यांनो, तुमच्या घरी दुकान असेल तर एकदा वही उघडून बघा. आणि गिऱ्हाईक असाल, तर भाव जरूर विचारा. विचारणारी असली की सांगणाऱ्यालाही खरे बोलणे सोपे जाते.

जय जिनेंद्र.